सणासुदीत गोड खा, पण दात राखून: तयारीपासून सण संपेपर्यंत

सण जवळ आला की दातांच्या काळजीचे सल्ले सुरू होतात, आणि त्यातले बहुतेक सल्ले म्हणजे 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' अशी यादी. ती पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवली जाते, कारण समोर ताट असताना कोणी यादी काढून बसत नाही. या लेखात तशी यादी नाही. गोड खायचंच आहे असं धरून चालू आणि ते कधी, कसं खायचं आणि खाण्याच्या आधी-नंतर काय करायचं ते क्रमाने पाहू.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती कळली की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

दाताला साखर नेमकी काय करते

साखर स्वतः दात पोखरत नाही. दातांवर जो बुळबुळीत थर साचतो त्यात जिवाणू राहतात. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. पण दातालगतचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की ही खनिजं विरघळू लागतात. हिरड्या खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं असेल, तर तिथे ही मर्यादा आणखी लवकर, ६ च्या थोडं वरच गाठली जाते. पन्नाशीनंतर कीड अनेकदा हिरडीच्या कडेला लागते, त्याचं हे एक मोठं कारण.

१९४० च्या दशकात अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरच्या थराचा सामू कसा बदलतो ते मोजलं. काही मिनिटांतच तो झपकन खाली येतो आणि मग लाळेच्या मदतीने हळूहळू वर चढतो. पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि तिच्यातलं कॅल्शियम व फॉस्फेट एनॅमलची झीज थोडीफार भरून काढतं. म्हणजे दिवसभर झीज आणि भरपाई आलटून पालटून चालू असते, आणि भरपाईला पुरेसा वेळ मिळाला तर दात तग धरतो.

आता हिशोब करा. जेवणानंतर एका बैठकीत चार मिठाया खाल्ल्या, तर आम्लाचा एक झटका. त्याच चार मिठाया तासातासाने एकेक तोंडात टाकल्या, तर चार झटके, आणि मधे लाळेला जेमतेम उसंत. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त.

स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासून पुढची काही वर्षं झालेल्या प्रयोगांतून हे ठळकपणे समोर आलं. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांच्या दातांत किडीची वाढ कमी होती. जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संमती देऊ न शकणाऱ्या लोकांवर केला गेला होता. आज तशी परवानगी कोणी देणार नाही आणि देऊही नये. निष्कर्ष मात्र दंतवैद्यकात तेव्हापासून पायाभूत मानला जातो.

पायरी १: सणाच्या दोन-तीन आठवडे आधी

दुखरा दात सणाच्या तोंडावर हमखास डोकं वर काढतो, आणि नेमका तेव्हा दवाखाना बंद असतो. म्हणून आधीच आरशासमोर उभं राहून तपासा. थंड लागल्यावर एखादा दात सळकतो का? एखाद्या दाढेत रोज त्याच जागी अन्न अडकतं का? जुन्या फिलिंगची कड जिभेला बोचते का? कॅप हलते का? यातलं एकही 'हो' असेल तर आताच वेळ घ्या. छोटं फिलिंग एका भेटीत होतं. तेच रेंगाळलं तर रूट कॅनॉलवर जातं.

रूट कॅनॉल झालं आहे पण कॅप बसवायची राहिली आहे, अशा दाढेकडे विशेष लक्ष द्या. कीड आणि उपचार यांत तिचा बराच भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती पातळ असतात. कडक काही चावताना ती उभी चिरली तर अनेकदा काढूनच टाकावी लागते. कॅप सणाआधी बसवून घ्या. नाहीच जमलं तर त्या बाजूने कडक काहीही चावू नका.

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, हा समज फार चिवट आहे. प्रत्यक्षात हिरड्यांची पकड आधीच सैल झालेली असते आणि कीटणाचा (दातांवर साचून टणक झालेला मळ) जाड थर दातांना नुसता चिकटून असतो. तो काढल्यावर खरी परिस्थिती उघडी पडते, इतकंच. कीटण ठेवल्याने हाडाची झीज वाढत जाते.

पायरी २: पेस्ट आणि ब्रश बघून घ्या

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात फ्लोराइडचं, म्हणजे दाताचं कवच मजबूत करणाऱ्या घटकाचं, प्रमाण लिहिलेलं असतं. मोठ्यांसाठी ते १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) कमी नको. १३५० ते १५०० च्या दरम्यान असेल तर उत्तम. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं. कोळशाच्या पावडरी आणि पेस्ट तर माझ्या मते घरात आणूच नयेत: डाग थोडेसे निघतात, पण खरखरीत कणांनी कवच घासलं जातं आणि कवच परत उगवत नाही.

ब्रश मऊ केसांचा हवा. केस बाहेरच्या बाजूला फाकले असतील तर बदला. जोडीला डेंटल फ्लॉस, किंवा दातांत रुंद फटी असतील तर फटींत फिरवायचे बारीक ब्रश, आणि साखर नसलेलं च्युइंगम आणून ठेवा.

पायरी ३: गोडाची वेळ ठरवा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, आणि पाळायला सगळ्यात अवघडही हीच आहे.

गोड जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच खा. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, त्यामुळे आम्ल लवकर धुतलं जातं. दिवसभरात खाण्याच्या एकूण वेळा, जेवणं धरून, चार-पाचच्या आत ठेवता आल्या तर दातांना सावरायला पुरेसा वेळ मिळतो. डबा उघडा ठेवून येता-जाता हात घालण्याची सवय मात्र या दिवसांत मोडायलाच हवी. खायचं असेल ते ताटलीत वाढून घ्या, बसून खा, डबा बंद करा. डबा ओट्यावरून उचलून कपाटात ठेवला तरी निम्मं काम होतं.

पाहुणे येतात, आपणही कोणाकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी पुढे येतं. नकार देणं जड जातं हे खरं. तेव्हा 'आत्ताच जेवून आलोय, बांधून द्या, घरी नक्की खातो' म्हणा आणि खरंच जेवणाच्या वेळी खा. यजमानाचाही मान राहतो.

प्यायच्या गोष्टी लोक हिशोबात धरतच नाहीत. साखरेचा चहा-कॉफी हीसुद्धा एक गोड वेळच. अर्ध्या तासाने एक घोट असा मोठा मग दुपारभर पुरवला, तर दातांच्या दृष्टीने दुपारभर गोडच चाललेलं असतं. दोन जेवणांच्या मधे फक्त साधं पाणी, हा एक नियम जरी सांभाळला तरी पुष्कळ झालं.

एकूण साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा माहीत असावी. वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे साधारण ५० ग्रॅम, सुमारे १२ चमचे. सणाच्या दिवशी ही मर्यादा ओलांडली जाणार, हे मी गृहीत धरतो. रोजच ओलांडली जाऊ नये एवढं पाहा.

पायरी ४: काय किती वेळ दातांवर टिकतं ते ओळखा

'चिकट तेवढं वाईट' असं आपण सरसकट म्हणतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळे पदार्थ खाल्ल्यावर दातांवर किती काळ राहतात ते मोजलं, आणि लोकांना जे सर्वांत चिकट वाटत होतं तेच सर्वांत जास्त टिकत होतं असं आढळलं नाही. कॅरॅमलसारखे पदार्थ लाळेत विरघळून तुलनेने लवकर गेले; बिस्किटं आणि बटाट्याचे चिप्स यांचा लगदा मात्र दाढांच्या खाचांत रेंगाळला. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टाची साखर बनवतं, मग पुढचं काम जिवाणूंचं. म्हणून 'मी गोड खातच नाही, फक्त खारं-कुरकुरीत खातो' म्हणणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये.

चघळायच्या गोळ्या आणि लॉलीपॉप मला सगळ्यांत घातक वाटतात. त्यांचा उद्देशच मुळी तोंडात जास्तीत जास्त वेळ राहणं हा असतो. त्या तुलनेत साधं चॉकलेट बरं: विरघळतं आणि जातं. सुकवलेली फळं पौष्टिक म्हणून मूठमूठ खाल्ली जातात, पण पाणी उडाल्याने त्यांत साखर एकवटलेली असते आणि ती दातांच्या फटींत जाऊन बसतात. ती जेवणाबरोबर खा. मध, तपकिरी साखर, आटवलेला फळांचा रस यांना कितीही चांगलं नाव दिलं तरी जिवाणूंना फरक पडत नाही.

आंबट पदार्थांचा प्रकार वेगळा आहे. तिथे जिवाणूंची मध्यस्थीही लागत नाही, आम्ल थेट दातावर पडतं. कोलाचा सामू सुमारे २.५, लिंबाच्या रसाचा २ ते २.५ आणि संत्र्याच्या रसाचा ३.५ ते ४ असतो. बिनसाखरेच्या कोलात साखर नसली तरी आम्ल असतंच, त्यामुळे 'डाएट' आहे म्हणून दिवसभर घुटके घेत बसू नका. ३३० मिलीच्या साध्या कोलात वर जवळपास ३५ ग्रॅम साखरही असते. पिणारच असाल तर जेवणाबरोबर, थंड, आणि एका बैठकीत संपवा. स्ट्रॉ थोडी आत धरली तर पुढचे दात वाचतात. तोंडात घोळवून पिणं टाळा.

जेवणाचा शेवट कशाने करता यालाही महत्त्व आहे. गोड झाल्यावर चीजचा एक छोटा तुकडा चावून खाल्ला तर लाळ सुटते, सामू वर येतो आणि चीजमधलं कॅल्शियम मिळतं ते वेगळं. बिनसाखरेचं दूध किंवा साधे दाणे-बदामही चालतील.

पायरी ५: खाल्ल्यावर लगेच

पाण्याने खळखळून चूळ भरा, दोन-तीन वेळा. ब्रश मात्र लगेच करू नका. आम्लाने एनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ झालेला असतो; विशेषतः आंबट खाल्ल्यावर किंवा कोला प्यायल्यावर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबा. सकाळी गोडधोड न्याहारीचा बेत असेल तर ब्रश आधीच उरका: जिवाणूंचा थर निघालेला असतो आणि फ्लोराइडचं कवच चढलेलं असतं.

बाहेर असाल तर साखर नसलेलं च्युइंगम वीसेक मिनिटं चघळा. लाळेचा प्रवाह अनेक पटींनी वाढतो. त्यात बहुधा झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, जो जिवाणूंना पचवता येत नाही. घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. माणसाला निरुपद्रवी असलेलं झायलिटॉल कुत्र्यांसाठी जीवघेणं विष आहे.

पायरी ६: रात्रीचा ब्रश

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा जी भरपाई होते ती रात्री होत नाही, म्हणून दाढेच्या खाचेत राहिलेला गोडाचा कण रात्री जास्त महागात पडतो. उशिरा घरी आलात, डोळे मिटत आहेत, बाकी सगळं राहिलं तरी हे राहू देऊ नका.

आधी फ्लॉस करा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, दोन दातांमधे हलकेच पुढे-मागे करत उतरवा, दाताच्या बाजूला कमानीसारखा बिलगवा आणि वर-खाली घासा. झटका देऊन हिरडीत उतरवला तर रक्त येतं. सवय नसलेल्यांना पहिले काही दिवस तसंही थोडं रक्त येतं, कारण हिरडी सुजलेली असते. आठवडा-दोन आठवड्यांत थांबत नसेल तर दाखवा.

मग ब्रश. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून छोट्या छोट्या हालचाली करायच्या, दोन मिनिटं, बाहेरून, आतून आणि चावायच्या बाजूने. जोर लावायचा नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेच्या मागचा भाग जवळपास सगळेच विसरतात.

शेवटी फेस थुंका, पण पाण्याने चूळ भरू नका. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा वाकडा होतो. पण चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. थोडं दातांवर राहिलं तरच ते रात्रभर काम करतं. माउथवॉशही याच कारणाने ब्रशनंतर लगेच नको, दिवसा दुसऱ्या एखाद्या वेळी वापरा. ब्रशनंतर झोपेपर्यंत फक्त पाणी.

पायरी ७: दात म्हणजे हत्यार नव्हे

सणाच्या दिवसांत दात मोडण्याची कारणं साधी असतात: कवच असलेला सुकामेवा दाताने फोडणं, पेल्यातला बर्फ कडाकड चावणं, फुटायच्या राहिलेल्या मक्याच्या दाण्यावर दाढ पडणं, खजुरातली बी, दाताने बाटलीचं झाकण किंवा पाकीट उघडणं. बिया काढून खा, अडकित्ता आणि कात्री हाताशी ठेवा. मक्याच्या लाहीचं पातळ टरफल हिरडीत शिरलं तर फ्लॉसने काढा. पिन किंवा आगकाडीने कोरत बसलात तर हिरडी फाटते आणि तिथे पू होतो.

ज्यांनी जरा जास्त जपायचं

लहान मुलांच्या बाबतीत खाऊ लपवण्यापेक्षा वेळ ठरवणं जास्त चालतं. दिवसातून एकदा, जेवणानंतर, त्यांना हवा तो प्रकार त्यांनाच निवडू द्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यावा किंवा शेजारी उभं राहून करून घ्यावा. दूध किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं पूर्ण बंद.

दातांना तारा असतील तर चिकट आणि कडक दोन्ही टाळा. एक ब्रॅकेट (तार धरणारा दातावरचा छोटा तुकडा) निखळला तर उपचार आठवडे पुढे जातात. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. ॲलर्जी, रक्तदाब किंवा नैराश्यावरच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि कीड लवकर लागते. अशांनी वारंवार पाणी प्यावं आणि डॉक्टरांशी बोलावं, औषध आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहात साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणं कठीण जातं. गरोदरपणात उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा.

काही बिघडलंच तर

पडून-आपटून पक्का दात मुळासकट निघाला तर प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच्या जागी बसवून स्वच्छ रुमाल चावून धरा. नाही जमलं तर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचा. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. मूल मात्र दाखवून आणा.

कॅप निघाली तर ती जपून ठेवा. औषधाच्या दुकानात दातांचं तात्पुरतं सिमेंट मिळतं. घरातला झटपट चिकटणारा गोंद कधीही वापरू नका. दुखत असेल तर नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी पोटात घ्या. ती दाताशेजारी धरून ठेवू नका, ॲस्पिरिनने हिरडी अक्षरशः भाजते. लवंगेचं तेल लावायचं तर कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब, तोही दातापुरता.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांतलं काही असेल तर सण संपायची वाट पाहू नका, सरळ रुग्णालयात जा.

सण संपल्यावर

उरलेले डबे वाटून टाका. मग पुढचे दोन आठवडे दातांकडे लक्ष ठेवा. थंड लागून आलेली कळ दोन-चार सेकंदांत जात असेल तर दात बहुधा सावरेल. कळ मिनिटभर रेंगाळते, गरमनेही उठते किंवा रात्री झोपेतून जागं करते, तर आतली नस सुजलेली असू शकते. तेव्हा उशीर नको. चावताना नव्हे तर चावून दाब सोडताना झटका बसत असेल, तर दाताला चीर गेल्याचा संशय घ्या आणि डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा, कारण अशी चीर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा ठिपका दिसला, तर ती किडीची पहिली पायरी असू शकते. तिथे अजून भोक पडलेलं नसेल, तर फ्लोराइडने आणि खाण्याच्या वेळा आवरून तो ठिपका तिथेच थांबवता येतो, ड्रिल न लावता.